प्रयोगशाळेतील प्राण्यांनाही हवा सहवास

पारनेर : पावसाळा सुरू झाला, की अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेरसारख्या कोरडवाहू तालुक्यात पेरणी, खुरपणी आणि रात्रीच्या पाणी देण्याबरोबर सर्पदंशाची भीतीही शेतात उतरते. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. यातील जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले होते आणि बहुतेक ग्रामीण भागातले. दंश झालेल्या माणसाला वाचवू शकणारे खरे औषध एकच, प्रतिसर्पविष. गावाकडे त्याला सर्पदंशाची लस म्हणतात. ही दहा मिलिलिटरची कुपी ज्यांच्यामुळे तयार होते, ते घोडे आणि उंदीर कोणत्या परिस्थितीत राहतात, हा प्रश्न मात्र रुग्णालयाच्या दारात कोणी विचारत नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अत्यल्प प्रमाणात घोड्याला वारंवार टोचले जाते. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ठरावीक काळाने रक्त काढून त्यातील द्रव भाग वेगळा केला जातो. तांबड्या पेशी घोड्याला परत देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. शुद्ध केलेल्या औषधाच्या एका मिलिलिटरने नाग व घोणस यांचे ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार व फुरसे यांचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे, असे भारतीय प्रमाण आहे. ते पाळले गेले की नाही, हे आजही मुख्यतः उंदरांवर तपासले जाते. विषबाधेच्या रुग्णाला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन प्राण्यांचे ऋण किती, याची कल्पना येते.

महाराष्ट्राचा या क्षेत्राशी संबंध जुना आहे. परळच्या जुन्या राजभवनात १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा गेली. तिलाच १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. १९७५ मध्ये उत्पादनाचे काम वेगळे करून हाफकिन महामंडळ स्थापन झाले. पारनेरच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावलाही प्रतिसर्पविष बनविणारी खासगी कंपनी आहे.

घोडा हा कळपाचा प्राणी. मोकळा असेल तर दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ तो चरण्यात घालवतो. एकमेकांची मान खाजविणे आणि आळीपाळीने पहारा देणे हा त्याच्या जगण्याचाच भाग होय. असा प्राणी एकट्याने अरुंद ठाणात बांधला, मोजका खुराक दोन वेळा दिला आणि बाकीचा दिवस रिकामा ठेवला, तर काय होते? तो दावणीचे लाकूड दातांत धरून हवा गिळू लागतो, किंवा पुढच्या पायांवर डावीकडून उजवीकडे तासन् तास झुलत राहतो. तबेल्यातील जुनी माणसे याला ‘खोड’ म्हणतात. पशुवैद्यकाच्या दृष्टीने ती खोड नसून कोंडीची खूण आहे. एकदा जडली, की मोकळ्या कुरणात सोडल्यावरही ती सहसा पूर्ण जात नाही. म्हणूनच घोड्यांना जोडीने वा गटाने ठेवणे, रोज मोकळे सोडणे, भरपूर कडबा-गवत देणे, निदान शेजारच्या घोड्याला नाक लावता येईल अशी ठाणाची भिंत ठेवणे, या गोष्टी चैनीच्या मानता येत नाहीत.

उंदराची गोष्ट अधिक उपेक्षित. देशातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार २५ ग्रॅमपर्यंतच्या उंदराला किमान ७७.४ चौरस सेंटिमीटर जागा पुरेशी मानली जाते. म्हणजे पोस्टकार्डापेक्षाही लहान. पिंजऱ्याची उंची १२ सेंटिमीटर. प्रयोगशाळेचे तापमान माणसाच्या सोयीने बावीस-चोवीस अंशांच्या आसपास ठेवले जाते, तर उंदराला ऊब वाटते ती तिसाच्या आसपास. जवळ जवळ झोपणारे सोबती आणि घरटे बांधण्यासाठी कागदाच्या पट्ट्या एवढे मिळाले, तरी ही उणीव तो स्वतः भरून काढतो. आपल्याकडे पिंजऱ्यात निर्जंतुक केलेले भाताचे तूस किंवा मक्याच्या कणसाचा भुगा सर्रास घातला जातो. तो ओल शोषतो. पण त्याचे घरटे होत नाही. लपण्यासाठी पुठ्ठ्याची नळी आणि कुरतडायला लाकडाचा तुकडा यांचा खर्च नगण्य आहे. शेपटीला धरून उचलण्याऐवजी नळीतून उचललेले उंदीर माणसाला कमी घाबरतात, हे २०१० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवून दिले.

या विचाराला वैज्ञानिक पाया आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४०च्या दशकात काही घुशीवजा प्रयोगउंदीर घरी नेऊन मोकळे वाढविले. कोड्याच्या चाचण्यांत ते पिंजऱ्यातील भावंडांपेक्षा सरस ठरले. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात मार्क रोझेनझ्वाइग आणि सहकाऱ्यांना समृद्ध परिसरात वाढलेल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्यपटल अधिक जाड आढळले. त्याच सुमारास हॅरी हार्लो यांच्या प्रयोगांत एकांतात वाढविलेली माकडाची पिल्ले आयुष्यभरासाठी बिघडली. ज्या प्रयोगांनी सहवासाची गरज सिद्ध केली, तेच क्रौर्याचे उदाहरण ठरावेत, हा विज्ञानाच्या इतिहासातील कटू विरोधाभास.

संशोधकांचा नेहमीचा आक्षेप असा, की पिंजऱ्यात वस्तू वाढल्या तर निष्कर्षांत विस्कळीतपणा येतो. २००४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, तीन प्रयोगशाळांत घेतलेल्या चाचण्यांत तसे आढळले नाही. उलट भेदरलेला प्राणी हाच निष्कर्षांतील मोठा दोष होय. ताणाखाली संप्रेरके बदलतात, प्रतिकारशक्ती बदलते. मग औषधाचा गुण मोजला जातो, की प्राण्याची भीती?

तरीही ‘सगळ्यांना एकत्र ठेवा’ हे सूत्र सरसकट लागू पडत नाही. प्रौढ नर उंदीर, विशेषतः वेगवेगळ्या पिंजऱ्यांतून आणून एकत्र केलेले, एकमेकांना जखमी करतात. प्रौढ नर सशांचेही तेच. अनोळखी माकडांची जोडी लावायला संयम आणि जाणते निरीक्षण लागते. संसर्गाच्या प्रयोगात वेगळे पिंजरे अटळ असतात. तेव्हा सोबती दिसेल, ऐकू येईल, अन्न शोधून काढावे लागेल, एवढी तजवीज तरी करता येते. २०२० मध्ये कोव्हॅक्सिनच्या चाचणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला लाल तोंडाची माकडे हवी होती. टाळेबंदीत शोध घेऊन ती अखेर नागपूर परिसरातून मिळाली आणि २० माकडांवर चाचणी झाली. मोकळ्या टोळीतून थेट पिंजऱ्यात आलेल्या अशा प्राण्याला एकांत सर्वाधिक जाचतो.

भारतात या साऱ्याचा आधार १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्यासाठीचे मूळ विधेयक राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी आणले होते. कायद्याच्या पंधराव्या कलमान्वये प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती नेमली जाते. १९९८ च्या नियमांनी तिला धार दिली. नोंदणीकृत संस्थेत प्राणी नीतिसमिती बंधनकारक असून तिच्यात केंद्रीय समितीचे बाहेरचे प्रतिनिधी असतात. प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाचा खर्च हा संशोधनाच्याच खर्चाचा भाग मानावा, असेही नियम सांगतात. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर २०१४ मध्ये बंदी आली. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत प्राणीविरहित पद्धतींना मान्यता मिळाली.

समूहनिवासाविषयी मात्र मार्गदर्शक तत्त्वांची भाषा मवाळ आहे. कळपाने राहणाऱ्या प्राण्यांना ‘योग्य असेल तेव्हा’ एकत्र ठेवण्याचा विचार व्हावा, असे त्यांत म्हटले आहे. योग्य कधी, हे ठरविण्याचे काम त्या-त्या संस्थेच्या नीतिसमितीकडे येते आणि पळवाटही तिथेच सापडते. तापमान, आर्द्रता, चौरस सेंटिमीटर मोजता येतात, म्हणून तपासणीत तेच पाहिले जातात. एकाकी घोडा झुलतो आहे का, याचा रकाना असतोच असे नाही. अमेरिकेने १९८५ मध्येच माकडांच्या मानसिक स्वास्थ्याची तरतूद कायद्यात केली. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशानुसार, स्वभावतः एकटे राहणारे प्राणी सोडून इतरांना समूहातच ठेवावे लागते आणि अपवादाचे कारण द्यावे लागते. आपल्याकडेही एकटे ठेवण्याचे कारण लेखी देण्याची सक्ती केली, तर नव्या इमारतींची गरज न पडता बराच फरक पडेल.