गंजलेला रंधा आणि पानशेतचा पूर : गंज पुरावा होऊ शकतो का?

नारायण पेठेतला एखादा जुना वाडा पाडला की सागवानी खांब, तुळया आणि दारं लगेच विकली जातात. माळ्यावर पडलेली सुतारकामाची हत्यारं मात्र भंगारात जातात. रंधा, पटाशी, करवत, वाकस असं बरंच काही त्यात असतं. त्यातली काही पुढे बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात दिसतात. समजा, तिथे तुम्ही एक गंजलेला रंधा उचललात आणि विकणारा म्हणाला, "पानशेतच्या पुरातला आहे हा." आता संशोधक म्हणून तुम्ही काय कराल? विश्वास ठेवाल, की हसून सोडून द्याल? माझं म्हणणं असं की दोन्ही करू नका, आधी तपासा.

दावा अशक्य मुळीच नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही फुटलं आणि मुठेचं पाणी काठच्या पेठांमध्ये शिरलं. नारायण पेठ त्यात होतीच. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल राहिला. अशा चिखलात लोखंडी पातं पडून राहिलं तर ते गंजणारच. प्रश्न वेगळाच आहे : आज दिसणारा गंज *त्याच* पाण्याचा आहे हे कशावरून?

त्यासाठी गंज म्हणजे काय, हे माणसाला कसं कळलं ते थोडक्यात पाहू. एकोणिसाव्या शतकात हवेतला कार्बोनिक आम्लाचा अंश लोखंड खातो, असं बरेच रसायनशास्त्रज्ञ मानत. 1903 मध्ये अमेरिकेतल्या व्हिटनीने मांडलं की गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. पुढे 1920 च्या दशकात केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्सने एक साधा प्रयोग केला. लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर त्याने मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी कमी पोचतो. लोखंड विरघळतं ते मध्यभागी, आणि गंजाचं कडं तयार होतं मध्य आणि कड यांच्या दरम्यान. म्हणजे जिथे हवा कमी, तिथे लोखंड जास्त खाल्लं जातं!

आता रंध्याकडे बघा. पात्यावर सगळ्यात खोल खड्डे बहुतेक वेळा कुठे असतात? जिथे पातं लाकडाला किंवा पाचरीला चिकटून बसतं तिथे, नाहीतर भुशाच्या थराखाली. तिथे ओल टिकते आणि हवा पोचत नाही. इव्हान्सचा थेंबच तो, फक्त मोठा.

याला जोड द्या व्हर्नन या ब्रिटिश संशोधकाच्या कामाची. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो, विशेषतः हवेत धूळ आणि गंधकाचा धूर असेल तर, हे त्याने दाखवलं. पुण्याच्या पावसाळ्यात ही मर्यादा कितीतरी दिवस ओलांडलेली असते. म्हणजे पुराचं पाणी कधीच न लागलेला रंधासुद्धा माळ्यावर बसून व्यवस्थित गंजतो.

शिवाय प्रत्येक डाग म्हणजे गंज नव्हे. तीन रंग ओळखायला शिका. तांबूस-तपकिरी, बोटाला लागणारा थर हा नेहमीचा गंज. लाकूड आणि लोखंड यांच्या सांध्याजवळचा निळसर काळा डाग बहुधा टॅनिनचा : बाभूळ, सागवान अशा लाकडांतलं टॅनिन ओल्या लोखंडाशी संयोग पावतं. हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई होते ती याच क्रियेने. तिसरा, धारेजवळचा पिवळा, जांभळा किंवा निळा पट्टा. तो पाण्याचा नाहीच, उष्णतेचा आहे. धार लावताना पातं सुमारे 300 अंश सेल्सियसपर्यंत तापलं की निळं पडतं आणि तिथलं पाणी उतरतं, म्हणजे पोलाद मऊ होतं. असं पातं कितीही घासलंत तरी तेवढा भाग झिजवून काढल्याशिवाय धार टिकणार नाही.

गंज वय सांगतो का? थोडंफार, आणि तेही आडून. जुन्या पात्यांत मऊ घडीव लोखंडाच्या पट्टीवर पोलादाचा पातळ थर जोडलेला असे. घडीव लोखंडात मळीचे तंतू असतात, त्यामुळे ते गंजलं की लाकडासारख्या रेषा दिसतात. अशा रेषा दिसल्या तर पातं जुन्या पद्धतीचं आहे, एवढं म्हणता येतं. पण लोहारांनी ही पद्धत नंतरही वापरली, म्हणून यावरून थेट साल काढू नका.

मग पानशेतचं काय? गंजाच्या थरात घड्याळ नसतं. पुराच्या चिखलाने पडलेले खड्डे आणि त्यानंतरच्या साठेक पावसाळ्यांनी पाडलेले खड्डे एकमेकांत मिसळून जातात. मुठीच्या खोबणीत गाळ सापडला तरी मुठेला पूर नंतरही आलेले आहेत. म्हणून रंध्यावरून एवढंच लिहायचं : "पुरात भिजल्याच्या दाव्याशी विसंगत काही आढळलं नाही." 'सुसंगत' आणि 'सिद्ध' या दोन शब्दांतलं अंतर ज्याला कळलं, त्याचा प्रबंध निम्मा वाचला समजा. पुढचा पुरावा हत्याराबाहेर शोधायचा : कोणत्या वाड्यातून आलं, तिथे पाणी किती चढलं होतं, घरातल्या कुणाला काय आठवतं.

आणि म्हणूनच एक विनंती. असं हत्यार हातात आलं की लगेच व्हिनेगरमध्ये बुडवू नका, पॉलिश पेपरही काढू नका. गंज तासाभरात निघतो, पण गाळ, टॅनिनचा डाग, मालकाची खूण आणि सुताराच्या अंगठ्याने झिजवलेली जागा हेही त्याच्याबरोबर जाऊ शकतं. ते परत येत नाही. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, पट्टी ठेवून मापं घ्या, रंग कुठे कोणता ते लिहा, विकणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं टिपून ठेवा. नंतर खुशाल घासा, तेल लावा, वापरा. हत्यार वापरासाठीच असतं. फक्त त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्या.