मन आणि शरीर यांचे नाते काय?

मन आणि शरीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की एकाच गोष्टीच्या दोन बाजू, या प्रश्नाला तत्त्वज्ञानात ‘मन-शरीर समस्या’ म्हणतात. विचार किंवा वेदना यांना वजन नसते, लांबी-रुंदी नसते, शरीराला असते. तरीही ठेच लागली की मन कळवळते आणि भीती वाटली की छाती धडधडते. हे कसे घडते?

प्रमुख उत्तरे

द्वैतवाद : फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मन आणि शरीर ही दोन स्वतंत्र द्रव्ये मानली. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये त्याला पत्राने विचारले, की ज्याला आकारच नाही ते मन शरीराला हलवते कसे? ही शंका द्वैतवादाला आजही चिकटून आहे.

भौतिकवाद : मन हे मेंदूचेच कार्य. प्राचीन भारतात चार्वाकांनी असेच म्हटले : आंबवण्यातून मादकता येते, तसे चार महाभूतांच्या संयोगातून चैतन्य येते. अडचण अशी, की मेंदूतील घडामोडी मोजता येतात. वेदना सोसणाऱ्याला कशी वाटते, ते त्या मोजमापात येत नाही.

सांख्यमत : येथे रेघ वेगळ्या जागी पडते. मन, बुद्धी आणि अहंकार शरीराप्रमाणेच प्रकृतीत मोडतात. वेगळा असतो तो फक्त पुरुष, म्हणजे साक्षी चैतन्य.

अरुणा शानबाग प्रकरण

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. पुढे जवळपास ४२ वर्षे तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली.

त्यांना दयामरण मिळावे, अशी याचिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांना ऐकणे, पाहणे आणि स्पर्श यांचे मूळ मज्जामार्ग शाबूत आढळले. पण त्यांची जाणीव होत असल्याचा निश्चित पुरावा मिळाला नाही. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे म्हणणे वेगळे होते : आवडीचे मासे दिले की त्या हसतात.

शरीर एकच, पण त्यातील मनाविषयी दोन वाचने. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली; मात्र काही अटींवर निष्क्रिय दयामरणाला मान्यता दिली. १८ मे २०१५ रोजी शानबाग यांचे निधन झाले.

कायदा काय म्हणतो?

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार ब्रेनस्टेमचे कार्य कायमचे थांबले, की यंत्राच्या साहाय्याने हृदय चालू असले तरी व्यक्ती मृत ठरवता येते. शानबाग स्वतः श्वास घेत होत्या. त्या ‘ब्रेन डेड’ नव्हत्या. कायद्याने मृत्यूची रेघ आखली आहे. जाणीव कोठे संपते, याची रेघ मात्र अजून कोणालाच आखता आलेली नाही. दुसऱ्याचे मन आपल्याला कळते ते त्याच्या शरीरावरूनच.