होयसळांचा गेम आणि आपले यादव

आजच्या भागात दोन गेम आहेत, पण विषय इतिहासाचाच आहे.

पहिला 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी'. २०१७ चा. क्लोई आणि नादिन या दोघी पश्चिम घाटात होयसळांचं जुनं राज्य शोधत फिरतात, गणपतीचा सुळा मिळवायला. मी हा सुट्टीत यवतमाळला घरी खेळलो, मधेमधे लाइट जात होती तरी. यात परशुराम आणि गणपतीच्या लढाईची गोष्ट आहे: परशू वडिलांनीच दिलेला, म्हणून गणपतीने तो वार दातावर झेलला. क्लोईच्या वडिलांनीही याच सुळ्यापायी आयुष्य घालवलं होतं. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट अमेरिकन गेममध्ये इतकी नीट वापरलेली पाहून बरं वाटलं, खरंच.

एका ठिकाणी दोघी जमिनीखाली उतरल्या. शेजारी बसलेला चुलतभाऊ म्हणाला, "दादा, हे त आपलं कळंब वाटून राह्यलं." खरंय की! कळंबच्या चिंतामणीला जायचं तर पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागतं, आणि तिथे कुंडही आहे. गेमवाल्यांना आयती लेव्हल.

पण गेममधली देवळं आणि खरी देवळं यात फार फरक आहे. गेममध्ये डोंगराएवढे पुतळे, धबधबे. बेलूर-हळेबीडची खरी देवळं उंचीने दबवणारी नाहीतच. होयसळांचा दगड मऊ, त्यामुळे कारागिराला मूर्तीच्या गळ्यातला एकेक मणी सुटा कोरता आला. तिथे जवळ जाऊन बघावं लागतं. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांचा दगड म्हणजे काळा कठीण बेसाल्ट. त्यात तेवढं नाजूक काम निघणं अवघड, म्हणून आपले गवंडी चुन्याशिवाय दगडात दगड बसवण्यात वस्ताद झाले. गेममध्ये हा फरक कुठून येणार? तिथे सगळा दगड एकाच टेक्श्चरचा.

दुसरा गेम 'राजी', पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. किकस्टार्टरवर पैसे उभे राहिले नाहीत, तरी तो २०२० मध्ये आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनात होता. सर्कशीतली मुलगी, हातात त्रिशूळ, राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेली. मारामारी थोडी अडखळते, पण भिंतीवरची चित्रं थांबून पाहावीत अशी आहेत. आधी निवेदन इंग्रजीत होतं, मग हिंदी आलं. पुण्यात बनलेला गेम आणि मराठी नाही! हे मला खटकलंच.

आता खरी गोष्ट. गेममधल्या होयसळांचे शेजारी म्हणजे देवगिरीचे यादव. विदर्भही त्यांच्याच राज्यात होता. दोघं कायम भांडत. ११९० च्या सुमाराला सोरटूरला होयसळ बल्लाळ दुसरा याने आपल्या भिल्लमाचा पराभव केला. गेममध्ये यादवांचा मागमूसही नाही.

पुढे १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला आणि रामचंद्रदेवाला लुटून गेला. काही वर्षांनी मलिक काफूर आला आणि देवगिरी दिल्लीची मांडलिक झाली. १३११ मध्ये तोच काफूर होयसळांच्या द्वारसमुद्रावर, म्हणजे आजच्या हळेबीडवर निघाला. वाटेत देवगिरीला थांबला. तिथे त्याच्या फौजेला मदत केली ती रामचंद्रदेवानेच! स्वतःची राजधानी लुटलेली आठवत असेल ना त्याला? की शंभर वर्षांपूर्वीचं सोरटूर आठवलं? की इलाजच नव्हता? मला तिसरं पटतं, पण दुसरंही पूर्ण सोडवत नाही.

होयसळ राजा शरण गेला, खजिना दिल्लीला गेला.

खजिना शोधायचा गेम आपण खेळतो, पण तो खजिना गेला कसा, ती फौज देवगिरीवरून कशी गेली, हा भाग कुणीच बनवलेला नाही. बनवला तर मी पहिल्या दिवशी घेईन. फक्त मला रामचंद्रदेव म्हणून खेळायला द्या, आणि काफूर दारात उभा असताना काय उत्तर द्यायचं, ते बटण माझ्या हातात ठेवा.