'डायनमो' शब्द गेला नाही, आणि त्यामुळे माझी जीप जाता जाता वाचली

या भागात गणित कमी, चिखल जास्त.

मागच्या जुलैमध्ये मामाची जुनी डिझेल जीप घेऊन आम्ही तिघं मुळशीच्या पलीकडे गेलो होतो. एका शेताच्या वाटेवर गाडी बोनेटपर्यंत लाल चिखलात बुडाली. ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढली, चालूही झाली. पण डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा काही जाईना. बाहेर पाऊस, संध्याकाळचे साडेसहा, पुढे ताम्हिणी घाट.

जुन्या डिझेल इंजिनला पळायला वीज जवळपास लागत नाही, पण हेडलाइट आणि वायपरला लागते. मी मनातल्या मनात हिशोब केला: सगळं मिळून १५ अँपिअर, बॅटरी ६० अँपिअर-अवरची. कागदावर चार तास. बॅटरी पाच वर्षांची, म्हणजे खरं तर दोन तासही देवाच्या भरवशावर.

रस्त्याकडेला एक मिस्त्रीकाका भेटले. बोनेट उघडून म्हणाले, "डायनमो गेला." आणि चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढायला पाना लावला. "इंजिनावर दिवे पेटले तर डायनमो चांगला, विझले तर गेला." मी ओरडलोच, "काका, नका काढू!" ते वैतागले. "अरे, चाळीस वर्षं हेच करतोय."

काका खोटं बोलत नव्हते. त्यांची पद्धत फक्त वेगळ्या यंत्राची होती. ती कुठून आली, हे सांगायलाच हा भाग.

सुरुवातीच्या गाड्या हँडल मारून चालू व्हायच्या. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला. स्टार्टर आला म्हणजे मोठी बॅटरी आली, आणि बॅटरी भरायला डायनमो आला. डायनमोत वीज आर्मेचरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात तयार होते. ती सगळी बाहेर काढायची कम्युटेटर आणि कार्बनमधून. ठिणग्या, झीज, काजळी. शिवाय इंजिन आयडलला असलं की चार्जिंग जवळपास शून्य.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये असाच ६ व्होल्टचा डायनमो होता. ती जीप नदी-नाल्यांतून गेली, आणि लष्कराला धडा मिळाला. १९५० च्या सुमारास आलेल्या एम-३८ जीपला २४ व्होल्टची, पाणी आत शिरणार नाही अशी बंदिस्त वीजयंत्रणा दिली. इकडे मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली होती. 'डायनमो' हा शब्द आपल्या गॅरेजांत पक्का बसला तो अशाच गाड्यांच्या काळात.

मग आला सिलिकॉन डायोड. आम्हा कोडवाल्यांना सिलिकॉन म्हटलं की चिप आठवते, पण त्याने गाडीचं पोटही बदललं. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर बसवला. इथे रचना उलटी आहे. जाड तारांची वाइंडिंग स्थिर असते आणि फिरतं फक्त चुंबक. कार्बनमधून जातात ते चुंबक जागं ठेवायला लागणारे मोजके अँपिअर. बाकीची वीज स्थिर भागातून थेट डायोडकडे, आणि तिथे तिची डीसी होते. आयडललाही चार्जिंग मिळतं.

पण या डायोडांना अचानक उसळलेला व्होल्टेज सोसत नाही. चालू इंजिनावर बॅटरी काढली की तोच उसळतो. डायनमोत सिलिकॉनच नव्हतं, त्यामुळे काकांची युक्ती तिथे खपून जायची. आणखी एक गोष्ट. अल्टरनेटर तापतो, म्हणून त्याला हवेसाठी भोकं ठेवलेली असतात. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर डांबरी रस्ता होता, आमच्यासारखे येडे नव्हते. त्याच भोकांतून चिखल आत जातो आणि कार्बन आपल्या खाचेत अडकतो.

माझ्याकडे मल्टिमीटर होता. इंजिन चालू, तरी १२.१ व्होल्ट. इंजिन बंद केलं आणि पान्याच्या लाकडी मुठीने अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला हळूच चार टकटक दिले. पुन्हा स्टार्टर मारला. १३.९! काका स्वतः मीटरमध्ये वाकून बघत होते. घाट उतरलो.

खरं काम दुसऱ्या दिवशी. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, कारण अल्टरनेटरच्या जाड वायरवर बॅटरीची वीज कायम असते. पट्टा सैल करून अल्टरनेटर खाली घेतला. प्रेशर वॉशर मुद्दाम वापरला नाही, त्याने चिखल बेअरिंगमध्ये जातो. साध्या पाण्याची हलकी धार, मऊ ब्रश, मग दिवसभर उन्हात. कार्बन काढले, खाचा काँटॅक्ट क्लीनरने धुतल्या, स्लिप रिंगवर झीरो नंबरचा पॉलिश पेपर हलकाच फिरवला. मागचं बेअरिंग हाताने फिरवलं तर कुरकुरत होतं, तेही बदलून घेतलं.

परवा काकांकडे मुद्दाम थांबलो. टेबलावर नवा मीटर होता. "डायनमो कसा आहे?" त्यांनी विचारलं. मी शब्द दुरुस्त केला नाही. "१४.१ देतोय, काका."