आर्गोसच्या दारातल्या पायघड्या

इ.स.पू. ४५८. वसंतातला डायोनिससचा उत्सव. अथेन्सच्या अॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर लाकडी बाकांवर तुम्ही दाटीवाटीने बसला आहात. मागे वळून पार्थेनॉन शोधू नका. त्याचं बांधकाम सुरू व्हायला अजून ११ वर्षं आहेत. वर दिसतात ती २२ वर्षांपूर्वी इराण्यांनी जाळलेली देवळं. शेजारचे आजोबा मॅरेथॉनला लढलेले. आजचा नाटककार एस्किलसही त्याच रणातला. कोरसचा, म्हणजे नाटकातल्या गायकवृंदाचा, खर्च झेनोक्लीस नावाच्या धनिकाने उचललाय.

कथा सगळ्यांना पाठ आहे. ट्रॉय जिंकून राजा अॅगमेम्नॉन दहा वर्षांनी आर्गोसला परततो आणि राणी क्लायटेम्नेस्ट्रा त्याचा जीव घेते. तरी कुणी जागचं हलत नाही.

रथ येतो. राणी, म्हणजे मुखवट्याआडचा पुरुष नट, दासींना खूण करते. रथापासून राजवाड्याच्या दारापर्यंत गडद तांबड्या-जांभळ्या पायघड्या पसरतात. समुद्रातल्या गोगलगायींपासून काढलेला हा रंग चांदीच्या मोलाचा. राजा बिचकतो. हा मान देवांचा, माणसाने असं मोलाचं कापड तुडवावं कसं? राणी गोड बोलून त्याला वळवते. तो वहाणा काढायला लावतो आणि अनवाणी आत जातो.

तुमच्या मनात मात्र मघाशी कोरसने गायलेलं घोळतंय. वारा अनुकूल व्हावा म्हणून ऑलिसच्या वेदीवर याच बापाने पोटच्या पोरीला, इफिजेनियाला, बळी दिलं. शाप निघू नये म्हणून तिचं तोंड बांधलं होतं. तिचं केशरी वस्त्र जमिनीवर ओघळलं होतं. कापडावर पाय ठेवताना कचरणाऱ्या या माणसाचा हात तेव्हा थांबला नव्हता.

आतून किंकाळी येते. कोरसमधले म्हातारे एकेक करून मत देत बसतात: आत धावावं की थांबावं? चर्चा संपेतो दार उघडतं आणि राजाचं प्रेत समोर येतं. राणी ताठ उभी राहून मुलीचा हिशेब मागते. तिचा प्रियकर एजिस्थस आपला वेगळा हिशेब काढतो: अॅगमेम्नॉनच्या बापाने एजिस्थसच्या भावंडांना शिजवून त्यांच्याच बापाला वाढलं होतं. या घरात प्रत्येकाचं काही ना काही जुनं येणं आहे, आणि ते वसूल करणारा प्रत्येक जण स्वतः देणेकरी होऊन बसतो.

कथा इथे संपत नाही. त्याच दिवशीच्या दुसऱ्या नाटकात राजा-राणीचा मुलगा ओरेस्टीस आईसमोर तलवार घेऊन उभा राहतो. ती छाती उघडी करून दुधाची आठवण देते. त्याचा हात थांबतो. तो मित्र पिलाडीसकडे वळतो. इतका वेळ मुका असलेला पिलाडीस जेमतेम तीन ओळी बोलतो: अपोलो देवाची सुडाची आज्ञा आठव. ओरेस्टीस आईला आत नेतो.

तिसऱ्या नाटकात सूडदेवता त्याच्या मागे लागतात आणि खटला अरिओपागसवर, तुमच्याच शहरातल्या खडकावर, उभा राहतो. बाकांवर चुळबुळ होते. तीन-चार वर्षांपूर्वीच एफिआल्टीसने या न्यायमंडळाचे बहुतेक अधिकार काढून घेतले, खुनाचे खटले तेवढे ठेवले. मग त्याचाच खून झाला. अपोलो सांगतो की खरा जन्मदाता बापच, आई केवळ बीज सांभाळते. मतं समसमान पडतात, अथेनाचं मत ओरेस्टीसच्या बाजूने, तो सुटतो. चिडलेल्या सूडदेवतांना शहरात मानाची जागा मिळते, आणि त्यांना तांबड्या वस्त्रांत मशालींनिशी वाजतगाजत नेलं जातं.

आजोबा खूश आहेत. सुडाची जागा न्यायालयाने घेतली, असं ते सगळ्यांना सांगताहेत, आणि त्यात तथ्य आहे. पण साक्षी, युक्तिवाद, निकाल पुन्हा आठवा: इफिजेनियाचं नाव त्या न्यायालयात एकदाही निघालेलं नाही. खटला आईच्या खुनाचा होता, हे कबूल. ऑलिसचा खटला मात्र कुणी कधी उभाच केला नाही.