बाळाच्या वाढीचे माप

बाळ बाळसे धरू लागले की घरातील आजीला ते नुसत्या नजरेने कळते. पायातले वाळे घट्ट होते, झबले आखूड होते. याहून निराळे माप आपल्या आज्यांना लागले नाही. आकड्यांनी वाढ मोजण्याची रीत मात्र त्या मानाने नवी आहे. फ्रान्समधील गेनो द मोंबेयार या गृहस्थांनी १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची अठरा वर्षे नेमाने मोजून ठेवली. त्या नोंदी फार प्रसिद्ध आहेत.

एका मुलाचे माप त्याच्यापुरते खरे. पण सर्वांसाठी एकच माप ठरवायचे, तर कोणाची मुले मोजावीत? या प्रश्नाचे उत्तर चुकले आणि त्याचा भार मातांवर पडला.

अमेरिकेत १९७७ साली वाढीचे तक्ते तयार झाले व पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ते जगभर वापरावयास दिले. त्यांतील तान्ह्या मुलांची मापे ओहायो राज्यातील एका पाहणीतून घेतलेली होती, आणि ती मुले बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. अंगावर पिणारे मूल पहिले दोन-तीन महिने जोमाने वाढते, मग त्याचा वेग जरा मंदावतो. तो निसर्गक्रमच होय. परंतु त्या तक्त्याशी ताडून पाहता निरोगी मूलही मागे पडल्यासारखे दिसे. मग “आईचे दूध पुरत नाही” असा निष्कर्ष निघे आणि वरचे दूध सुरू होई. जेथे पाणी शुद्ध नाही, तेथे बाटलीबरोबर जुलाबही घरात येत. उणेपण मापात होते. बोल मात्र आईला लागे.

ही चूक सुधारण्यासाठी १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील आठ हजारांवर मुले मोजण्यात आली. आपल्याकडील मुले दिल्लीची होती. तान्हेपणी ती आईच्या दुधावर वाढलेली होती. पोषण व निगा चांगली असली, की सर्व देशांतील बाळांची उंची जवळजवळ सारखीच वाढते, असे दिसून आले. त्यावरून २००६ साली नवे तक्ते प्रसिद्ध झाले.

याच पाहणीने आणखी एक गोष्ट दाखविली. निरोगी मुलांपैकी कोणी आठव्या महिन्यात चालते, तर कोणी सतराव्या. काही थोडी तर रांगल्यावाचूनच चालू लागतात! म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना करून जीव कष्टी करू नये. मात्र महिन्यांमागून महिने वजन वाढेना, किंवा दीड वर्ष झाले तरी मूल चालेना, तर वैद्यकीय सल्ला घेण्यास विलंब लावू नये. अंगणवाडीत बाळाचे वजन करवून घ्यावे, तक्त्यावरील रेघ आपण स्वतः वाचावयास शिकावे, आणि शेजारणीलाही शिकवावे.