ताल आणि फूट

गोमंतकीय गायक रेमो फर्नांडिस यांचा १९९२ सालचा 'पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल' हा गीतसंग्रह आम्ही नुकताच, सुरतेच्या मुक्कामी, प्रथमच ऐकला. राजकारण्यांना रॉक अँड रोल जमत नाही, असा त्या नावाचा सरळ अर्थ. भजन-कीर्तनावर पोसलेल्या कानांना गिटारचा गजर आणि इंग्रजी बोल प्रारंभी परके वाटतात, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि तीस वर्षांनी ऐकणाऱ्यास एक लाभ असतो. गीताचा काळ तोवर इतिहासजमा झालेला असतो आणि गीताची साक्ष त्या इतिहासाशी ताडून पाहता येते.

साक्षीदार कोण, हे प्रथम पाहावे. रेमो हे बार्देशातील शिवोलीचे, जन्म १९५३. मुंबईत वास्तुशास्त्र शिकून ते गावी परतले आणि १९८४ साली घरातच, स्वतः गाऊन व वाजवून, 'गोअन क्रेझी' हा संग्रह त्यांनी ध्वनिमुद्रित केला. २००७ साली त्यांस पद्मश्री मिळाली. शिवोलीत नाताळानंतर हिंदू व ख्रिस्ती एकत्र येऊन जागर करतात. त्या मातीतला हा माणूस केवळ इंग्रजीत गातो म्हणून आपल्या समाजाने त्याला दुसऱ्या वाड्यातला मानावे, हे न्याय्य नव्हे.

आता साक्ष. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. अवघ्या तीन वर्षांत, १९९० साली, चाळीस आमदारांच्या त्या विधानसभेने राणे, आलेमांव आणि बार्बोझा असे तीन मुख्यमंत्री पाहिले. वर्षाअखेर राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९९१ मध्ये मगो पक्षातून फुटलेले रवी नाईक मुख्यमंत्री झाले आणि पुढच्याच महिन्यात सभापतींनी त्यांस अपात्र ठरविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व १९९४ साली निकाल नाईकांच्या बाजूने लागला. कारण १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक पळवाट होती: एकतृतीयांश आमदार निघाले तर ते पक्षांतर नव्हे, ती 'फूट'! एकट्याने केला तो अपराध, टोळीने केला तो अधिकार, असा हा न्याय.

'फूट' हा शब्द सुरतेत बसून वाचताना मन १९०७ कडे वळल्यावाचून राहत नाही. त्या वर्षी २७ डिसेंबरला याच शहरी काँग्रेसच्या मंडपात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि जहाल-मवाळ वेगळे झाले. तीही फूटच. पण लोकमान्यांना तीतून मंत्रिपद मिळाले नाही; पुढच्याच वर्षी त्यांच्या वाट्याला मंडालेची वाट आली. तत्त्वासाठी फुटणारा किंमत मोजतो, पदासाठी फुटणारा ती वसूल करतो. कायद्याच्या शब्दात हा भेद कोठेच नव्हता.

२००३ च्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बुजविली. दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची मात्र राहिली. २०१९ साली गोव्यात काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा आमदार तीमधून गेले, २०२२ साली अकरांपैकी आठ. संग्रहाचे नाव जुने झाले नाही, ते यामुळेच.

जे काम कायदा करू शकत नाही, ते आपल्याकडे लोककलेने पूर्वापार केले आहे. नाथांच्या भारुडाने ढोंगाला उघडे पाडले. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या कोंकणी तियात्राच्या कांतारांनी सत्ताधाऱ्यांस चिमटे काढले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी आलेला हा संग्रह त्याच घराण्यातला आहे. वाद्ये तेवढी वेगळी.

देवळाच्या सभामंडपात भजन रंगले असता एखाद्याचा टाळ चुकला, तर शेजारचा त्यास कोपराने सावध करतो. त्यासाठी कलम लागत नाही. समेवर येण्याचे वचन प्रत्येकाने मनोमन दिलेले असते. निवडून दिलेल्या माणसाकडून आपण तेवढीच अपेक्षा करीत नाही, हा दोष त्याचा जितका, तितकाच मतदार म्हणून आपलाही आहे.